आमची वाटचाल : तयार माणसं आणि थकलेली बिलं

रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायची आणि ती खरं बोलतात का ते तपासायचं, हे आमच्या फर्मचं काम. मॉनिटर, सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगानं देणारे सिरिंज पंप, शस्त्रक्रियेत विजेनं कापणारी कॉटरी, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब, सक्शन. एक्स-रेच्या वाटेला आम्ही जात नाही. सुरू केली तेव्हा आम्ही दोघंच होतो, दोघंही एकाच मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागातून बाहेर पडलेले. बाहेर का पडलात, असं लोक अजून विचारतात. आणि आमच्याकडची मुलं नेमकी उलट्या दिशेनं तिकडे जातात, म्हणून हे लिहायला बसलो.

तिथे मी नऊ वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, चांगली गेली. पगार ठरल्या तारखेला. घरात कोणी आजारी पडलं तर पैशांची चिंता नाही. कंपन्यांची ट्रेनिंग रुग्णालयाच्या खर्चानं. शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालू असताना शेजारी उभं राहायला मिळालं, छोट्या ठिकाणी ते जन्मात दिसलं नसतं. रात्री अडलं तर उठवायला चार सीनियर. आमच्या छोट्या धंद्यात यातलं एकही सुख मी कोणाला देऊ शकत नाही, हे आधीच कबूल करतो.

पण नवव्या वर्षी लक्षात आलं, की स्क्रू ड्रायव्हर आठवडा आठवडा हातात येत नाही. महागडी यंत्रं कंपनीच्या करारात, झाकण उघडायची आम्हाला मनाई. तक्रार आली की तिकीट नोंदवायचं, कंपनीला मेल टाकायचा, त्यांचा इंजिनिअर आला की गेटपास, गेला की सही. ऑडिट जवळ आलं की स्टिकरं चिकटवत फिरायचं. मी इंजिनिअर कमी आणि टपाल जास्त झालो होतो.

माझा भागीदार निघाला तो एका सिरिंजवरून. खरेदी विभागानं सिरिंजचा ब्रँड बदलला. दोन्ही ५० मिलीच्याच, पण आतला व्यास वेगळा. पंपाला सिरिंजमधलं औषध काही दिसत नाही. दट्ट्या किती सरकला एवढंच त्याला कळतं आणि व्यास तो मेनूत निवडलेल्या ब्रँडवरून धरतो. मेनूत जुनंच नाव राहिलं, की ताशी ५ मिली लावलेलं औषध ताशी ५ जात नाही, आणि अलार्मही होत नाही. पंपाच्या मते सगळं ठीक असतं! भागीदारानं ब्युरेट (द्रव मोजायची खुणांची काचनळी) आणि स्टॉपवॉच लावून मोजलं आणि त्याच दिवशी नोट लिहिली. नोट विभागाविभागांतून फिरत राहिली, तोवर हा रोज वॉर्डात जाऊन सिस्टरना मेनूतलं नाव बदलून देत होता. त्यावर त्याला विचारणा झाली, की हे तुमच्या कामाच्या कक्षेत येतं का. मोठ्या ठिकाणी एक चुकीचा निर्णय एकाच दिवसात शंभर खाटांपर्यंत पोचतो. दुरुस्ती मात्र जिन्यानं चढते. त्याच महिन्यात त्यानं राजीनामा दिला, मागोमाग मी.

पुढची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम मिळत गेलं, आम्ही करत गेलो.

मग एका मोठ्या रुग्णालय समूहाचं कंत्राट मिळालं आणि आम्ही हुरळलो. दोन तृतीयांश काम एकाच दाराशी. बिल ६० दिवसांत देऊ म्हणाले. पहिलं आलं सातव्या महिन्यात. दुसऱ्यासाठी चकरा मारत असतानाच त्यांनी स्वतःचा विभाग उभा केला आणि आमच्या चारपैकी तीन पोरांना उचललं. पोरांवर माझा राग नव्हता, त्यांना घरं चालवायची होती. राग याचा, की आमची बिलं थकवून आमच्याच पोरांना पगार चालू होता. वरून कंत्राटही गेलं, सगळ्या शाखांना म्हणे एकच व्हेंडर हवा होता.

त्याच सुमारास आमच्या सेफ्टी अ‍ॅनालायझरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचे आकडे खरे असल्याच्या दाखल्याची मुदत, संपत आलं. यंत्राच्या अर्थिंगचा रोध ०.३ ओहमच्या आत आहे का, थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून ५० मायक्रोअँपिअरच्या वर विजेची गळती नाही ना, हे तो सांगतो. आयईसी ६२३५३ या वैद्यकीय यंत्रांच्या तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या या मर्यादा आमच्या पोरांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगतील. पण खुद्द अ‍ॅनालायझर खरा की खोटा, हे दर वर्षी लॅबकडून लिहून आणावं लागतं, आणि लॅबला द्यायला पैसे नव्हते. दोन महिने तसंच रेटू, असं मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. भागीदारानं काही न बोलता तो डबा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक एक डॉक्टरबाई, बारा खाटांचं रुग्णालय. त्यांना जाऊन सांगितलं, की या महिन्यात तपासणी होणार नाही. त्यांनी कारण विचारलं आणि पूर्ण वर्षाच्या एएमसीचा (देखभाल कराराचा) चेक तिथल्या तिथे लिहिला. ‘दादा, आधी तुमचा डबा तपासून आणा, मग माझा डिफिब बघा,’ एवढंच म्हणाल्या. फर्म त्या चेकवर वाचली. त्या डिफिबची देखभाल अजून आमच्याकडेच आहे. त्याची बॅटरी बदलली, की नुसता हिरवा दिवा बघून आम्ही उठत नाही, रुग्णाच्या छातीच्या जागी धरलेल्या ५० ओहमच्या लोडवर २०० ज्यूल सोडून आकडा वाचतो. तुम्हीही वाचा.

विषय निघालाच आहे तर तिकडे निघालेल्या मुलांना सांगतो. पगार विचाराल तसं हेही विचारा, की कोणत्या यंत्राचं झाकण मला उघडू देणार? उत्तर गोलमोल आलं तरी जा, पण दोन-तीन वर्षांसाठी जा, आणि दर महिन्याला एखादं भंगारात निघालेलं यंत्र खोलत राहा. हात विसरतात. आणि माझ्यासारख्या धंदेवाल्यांनी एका ग्राहकाकडून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काम घेऊ नये, तो कितीही गोड बोलत असला तरी.

त्या तिघांतला एक आता तिथला विभागप्रमुख आहे. मध्यंतरी त्यांच्याच एका शाखेत पंपांची मोठी तपासणी निघाली आणि त्यानं आम्हाला बोलावलं. गेटपासवर त्याची सही होती. चहा पाजला, जुन्या ब्युरेटची चौकशी केली. बिल त्यानं तिसऱ्या दिवशी पास केलं. तिथून ते लेखा विभागात गेलं, अजून तिथेच आहे.