खारपाणपट्ट्यात फॉस्फोजिप्सम: दर्यापूरकडची फेरी

अकोल्याहून दर्यापूरकडे निघालं की पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, लागतो. जायचं तर मे महिन्यातच. मृगाची एक सर पडली की पांदणीत ट्रॅक्टर रुततो आणि माल वावरापर्यंत पोचत नाही.

धुऱ्यावर दिसणारा करडा-पांढरा ढीग म्हणजे फॉस्फोजिप्सम, रॉक फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकून फॉस्फरिक आम्ल काढल्यावर उरणारा चोथा. तो मुख्यतः जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट असतो. एक टन पी-टू-ओ-फाइव्हमागे (आम्लातलं स्फुरद मोजायचं माप) तो सुमारे पाच टन निघतो. ओडिशातल्या पारादीपसारख्या ठिकाणी कारखान्यांजवळ त्याचे डोंगर झालेत. इथल्या चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या जमिनीला मात्र त्यातलं कॅल्शियमच हवंय. ते मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवतं, आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली जातं.

माल मागवण्याआधी आपल्या मातीची परीक्षा घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (आम्ल नव्हे) घ्या. इथल्या विहिरीचं नको, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. सुपारीएवढं कोरडं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. भोवती दुधाळ ढग पसरला तर जमीन चोपण. दुसऱ्या पेल्यात आधी चिमूटभर जिप्सम विरघळवा. तिथे ढेकूळ फुटलं तरी पाणी बऱ्यापैकी निवळ राहतं.

नेमकी मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. हेक्टरी २.५ टन निघाली तर एकरी १० क्विंटल, पण ती कोरड्या मालाची. ओलावा २० टक्के असेल तर १२.५ क्विंटल टाकावं लागतं. वजनकाट्यावर हा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून ओलावा आपणच मोजून घ्या. ओला माल खतपेरणी यंत्रात अडकतो. तो उन्हात पसरून, गोळे फोडून हातानेच फेका आणि वखराने वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळा. खोल नांगरलं तर तो जास्त मातीत विखरून विरळ होतो.

लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. म्हणजे अडीच टनांसाठी किमान १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरायलाच हवा. उताराला नाल्या काढल्या नसतील तर सुटलेलं सोडियम तिथेच राहतं आणि खर्च वाया जातो. बरेच प्रयोग इथेच फसतात.

डीएपी या स्फुरदयुक्त खतासोबत मिसळू नका, कॅल्शियम स्फुरद बांधून ठेवतं. विक्रेत्याकडून फ्लोराइड, रेडियम आणि सामूचा प्रयोगशाळा अहवाल घ्या. ताजा माल आम्लधर्मी असतो, तेव्हा हातमोजे घाला. ढीग विहिरीपासून लांब लावा आणि ताडपत्रीने झाका.