जैवविविधतेला दोनच चौकोन का?

एसडीजी म्हणजे शाश्वत विकास उद्दिष्टांचा तो रंगीत चौकोनांचा तक्ता बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेला असतो, रिपोर्टच्या कव्हरवर नाहीतर कॉन्फरन्सच्या बॅनरवर. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही उद्दिष्टं मान्य केली, १७ उद्दिष्टं, १६९ टार्गेट्स, मुदत २०३०. त्यात १४ नंबरला पाण्याखालचं जीवन आणि १५ नंबरला जमिनीवरचं. मला खटकतं ते इथेच. निसर्गाला दोन चौकोन दिले की भूक, आरोग्य, ऊर्जा, उद्योग, शहरं ही उरलेली खाती आपापल्या कामाला मोकळी, जंगल आणि समुद्र काय ते पर्यावरणवाल्यांनी बघून घ्यावं. तसं बियाण्यांच्या विविधतेचं टार्गेट दुसऱ्या उद्दिष्टात आहे, पाणथळ जागांचं सहाव्यात आहे, पण प्रत्यक्ष बैठकीत ते कोण काढतं?

गिधाडांचंच घ्या. दक्षिण आशियात गायी-म्हशींच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास वापरलं जायला लागलं, जनावर मेलं की गिधाडं येऊन ते साफ करायची, पण मांसात औषधाचा अंश उरलेला असायचा आणि तो त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नव्हता. मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली तेव्हा आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा खडूसारखा पांढरा थर सापडला. कारण २००४ मध्ये पक्कं झालं आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने जनावरांसाठी या औषधावर बंदी घालायला सुरुवात केली, तोवर काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या होत्या. मग मेलेली जनावरं पडून सडायला लागली, भटकी कुत्री वाढली, रेबीजची भीती वाढली, पाणी दूषित झालं. २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी याचा हिशोब मांडला, त्यांच्या अंदाजाप्रमाणे गिधाडं गेल्यामुळे एकट्या भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. पाच लाख माणसं!

कुठल्याही सरकारने गिधाडं संपवायचं ठरवलं नव्हतं. औषध मंजूर करणाऱ्यांच्या समोर गाय होती, दूध होतं, शेतकऱ्याचं उत्पन्न होतं आणि तेवढ्यापुरता निर्णय बरोबरच वाटत असणार. गिधाड त्यांच्या फाइलमध्येच नव्हतं. आता सांगा, हा विषय १५ व्या उद्दिष्टाचा की तिसऱ्या, आरोग्याच्या?

आयपीबीईएस, म्हणजे हवामानासाठी जशी आयपीसीसी तशी जैवविविधतेसाठीची शास्त्रज्ञांची जागतिक संस्था, हिच्या २०१९ च्या अहवालातली एक गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली, की सुमारे दहा लाख प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. पण त्याच अहवालात अजून एक गोष्ट होती जिच्यावर फार कमी बोललं गेलं. गरिबी, भूक, आरोग्य, पाणी, शहरं, हवामान, समुद्र आणि जमीन या उद्दिष्टांमधली जी ४४ टार्गेट्स त्यांनी तपासली, त्यातल्या ३५ टार्गेट्सच्या आड निसर्गाची ही घसरण येतेय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त प्रकार कमी-जास्त प्रमाणात मधमाश्या, फुलपाखरं, वटवाघळं यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत आणि आपण भूक मिटवण्याच्याच नावाखाली कीटकनाशकांनी त्यांना मारतोय.

मोजमापाची गंमत तर अजून वेगळी, खरं तर गंमत कसली, चीडच येते. १५ व्या उद्दिष्टाचा पहिलाच इंडिकेटर म्हणजे देशाच्या जमिनीपैकी किती टक्के जंगल. आता जंगल कशाला म्हणायचं, तर एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या व्याख्येप्रमाणे अर्ध्या हेक्टरपेक्षा जास्त जागा, पाच मीटरपेक्षा उंच झाडं किंवा तेवढी वाढू शकणारी, आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त जमिनीवर झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र. यात निलगिरीची लागवड बसते, रबराचीही बसते. म्हणजे शेकडो जातींचं जुनं जंगल तोडून तिथे एकाच जातीची रोपं ओळीत लावली तरी हा आकडा जिथल्या तिथे राहतो, आणि मूळच्या गवताळ माळावर झाडं लावली तर चक्क वाढतो, त्या गवतात घरटं करणारे पक्षी गेले तरी. बाकीचे इंडिकेटर आहेत, धोक्यातल्या प्रजातींचाही आहे, पण फोटोत आणि भाषणात येतो तो हाच आकडा.

आणि एकत्र विचार करा हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाहीये. टार्गेट १५.९ मध्ये स्वच्छ लिहिलंय की राष्ट्रीय आणि स्थानिक नियोजनात जैवविविधतेचं मूल्य धरा, आणि त्याची मुदत २०२० होती, ती कधीच उलटून गेली. २०१० मध्ये जपानमध्ये ठरलेली जैवविविधतेची आइची टार्गेट्स २० होती, २०२० पर्यंत त्यातलं एकही जागतिक पातळीवर पूर्णपणे गाठलं गेलं नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या जागी जैवविविधतेचा कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा आला, २३ टार्गेट्सचा. त्यातलं ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं टार्गेट सगळ्यांना पाठ झालंय. मला मात्र या आराखड्यातली १४ आणि १८ ही टार्गेट्स जास्त महत्त्वाची वाटतात. १४ म्हणतं की सगळ्या खात्यांच्या धोरणात जैवविविधता आणा आणि १८ म्हणतं की निसर्गाची हानी करणाऱ्या सबसिड्या २०३० पर्यंत वर्षाला निदान ५०० अब्ज डॉलरने कमी करा. एकीकडे संरक्षित क्षेत्र जाहीर करायचं आणि दुसरीकडे त्याच समुद्रात मासे ओरबाडायला ट्रॉलरच्या डिझेलला पैसे द्यायचे, हे किती दिवस चालणार? त्या मानाने डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी सबसिडीचा करार मर्यादित असला तरी मला मोठी गोष्ट वाटते, २०२२ मध्ये ठरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागूही झाला, कारण तो पर्यावरणाच्या नाही तर व्यापाराच्या टेबलावर झाला.

हे जमतं याचं माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्कच्या पाण्याचं आहे. १९९० च्या दशकात शहरासमोर प्रश्न होता की अब्जावधी डॉलर खर्चून फिल्टरेशन प्लांट बांधायचा, का पाणी जिथून येतं ते डोंगर आणि जंगल नीट ठेवायचं. १९९७ मध्ये करार झाला, शहराने वरच्या भागातल्या जमिनी विकत घेतल्या, शेतकऱ्यांना शेण-खत ओढ्यात जाऊ नये म्हणून पैसे दिले, घरांच्या सेप्टिक टँक दुरुस्त करून दिल्या आणि त्या डोंगरांतून येणारं पाणी आजही तसा प्लांट न बांधता शहरात येतं. जंगल राखायचा निर्णय इथे पाणी खात्याने घेतला, त्यांच्याच बजेटमधून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०३० नंतर काय, याचा विचार सप्टेंबर २०२७ च्या उच्चस्तरीय बैठकीत व्हावा असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या भविष्य करारात म्हटलंय. तिथे निसर्गासाठी तिसरा चौकोन कुणी मागू नये असं मला मनापासून वाटतं. त्यापेक्षा प्रत्येक उद्दिष्टात जैवविविधतेचा एक तरी इंडिकेटर घाला आणि तो पर्यावरण मंत्रालयाने नाही, तर त्या त्या खात्यानेच भरायचा. शेती खात्याने सांगावं की परागीभवन करणारे कीटक वाढले का घटले, ऊर्जा खात्याने धरणाशिवाय वाहणारी नदी किती किलोमीटर उरली ते सांगावं, आणि जनावरांचं औषध मंजूर करणाऱ्यांनी मंजुरीच्या आधी लिहून द्यावं की ते जनावर मेल्यावर त्याला खाणाऱ्यांचं काय होणार.