वरच्या हाफचे सर, खालच्या हाफला

जिल्ह्याच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेला सकाळी साडेसातला मैदानावर पोचलो, तर रात्रीच्या पावसाचं पाणी फ्री थ्रोच्या रेषेवर साचलेलं. दोन पोरं खराट्यानं पाणी लोटत होती, तिसरा पोतं फिरवत होता. तोवर टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या. १७ वर्षांखालील मुलांचे संघ ११. म्हणजे सोळाच्या तक्त्यात पाच बाय, पाच संघ पहिली फेरी न खेळताच पुढं. तक्त्याच्या वरच्या हाफला, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात, सहा संघ, खालच्याला पाच. पहिला बाय खालच्या हाफच्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या हाफच्या पहिल्याला. बीपीएडला, क्रीडाशिक्षकाच्या पदवीला, पाठ केलेलं हे एवढंच आयुष्यभर कामाला आलं.

सगळी बाद फेरी. हरला की दुपारच्या एसटीनं घरी. जिंकत गेला तर धाराशिवहून विभागाला लातूर, पुढं राज्य. दहावीच्या पोरांचा अर्धा जीव मेडलात आणि अर्धा वाढीव गुणांत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता पंच कोण? आम्हीच. संघ घेऊन आलेले क्रीडाशिक्षक. एका सामन्याला शिट्टीवाले दोन, टेबलावर गुणलेखक आणि वेळ बघणारा. २४ सेकंदांत बॉल बास्केटकडं टाकायचा असतो; ते मोजणारा शॉट क्लॉक आमच्याकडं म्हणजे मोबाइल हातात धरून ‘पाच... चार... तीन’ ओरडणारे एक सर. बास्केटबॉलचे नियम नीट येणारे मोजून सात-आठ जण. बाकीचे कबड्डीचे. माणसं चांगली, पण ट्रॅव्हलिंगला, म्हणजे टप्पा न देता बॉल घेऊन चालण्याला, शिट्टी मारायला कचरतात.

ड्युटी लावणारे ड्रॉच्या, म्हणजे त्या तक्त्याच्या, कागदामागंच पेनानं पंचांची नावं लिहितात. आपल्या शाळेचा सामना आपल्याला देत नाहीत, तेवढं पथ्य पाळतात. पण तेवढं पुरत नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं.

उपांत्यपूर्व सामन्यात माझी शिट्टी होती. जिंकणारा सेमीला आमच्याच पोरांशी भिडणार होता. शेवटचं मिनिट, दोन गुणांचा फरक. त्यातल्या तगड्या संघाचा उंच पोरगा बॉल घेऊन घुसला, समोरचा पाय रोवून उभा होता, छातीवर धडक. मी चार्जिंग दिला, म्हणजे धडक देणाऱ्याचाच फाऊल. त्याचा पाचवा, म्हणजे सामन्यातून बाद. पोरगं बाहेर बसलं, संघ हरला.

त्यांचे सर भांडले नाहीत. सही करताना हळूच म्हणाले, “सर, पुढची सेमी तुमच्याच पोरांची हाय ना?”

निर्णय बरोबरच होता. आजही तोच देईन. पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सेमी आम्ही जिंकलो आणि परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणत होती, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तेव्हापासून माझा एकच हट्ट: वरच्या हाफच्या सरांनी खालच्या हाफच्या सामन्यांना शिट्टी मारायची, खालच्यांनी वरच्या. फायनलला बाद झालेल्या शाळांचे सर. पहिल्या वर्षी मला ‘लई शाणा’ म्हणाले. यंदा ड्युटी लावणाऱ्या सरांनीच ड्रॉचा कागद मधोमध घडी घालून माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “तुमचं तुम्हीच लिहा.”

आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला होता. फायनलची शिट्टी माझ्याकडं आली.

कोर्ट तोवर वाळलं होतं.