फॉन्ड्यू, अंडरकट आणि फेसलेली मोहरी

नाताळ झाला की आमचं शरणपूर रोडचं घर ३१ तारखेपर्यंत भरलेलं असतं, पुण्याहून दादा-वहिनी आणि भाचा येतात, डब्यात करंज्या-चकल्या उरलेल्या असतात, आणि थंडी अशी की निफाडचा पारा कितीवर गेला हे पप्पा रोज सकाळी पेपरातून मोठ्याने वाचून दाखवतात. अशा थंडीत रात्री लवकर ताटावरून उठावंसं वाटत नाही. म्हणून या वेळी मी ठरवलंच होतं, मीट फॉन्ड्यू करायचं, टेबलावर मधोमध तेलाचं भांडं ठेवून, सगळ्यांनी आपापला तुकडा आपणच तळून घ्यायचा.

मी हे पहिल्यांदा खाल्लं २०१९ मध्ये, कंपनीने तीन महिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला पाठवलं होतं तेव्हा, एका कलीगच्या घरी. आपल्याला फॉन्ड्यू म्हटलं की वितळलेलं चीज आठवतं, आणि तो शब्दच मुळी वितळण्यावरून आलाय, पण हे वेगळं. याला म्हणतात फॉन्ड्यू बुर्गिन्योन. नावात फ्रान्सचा बरगंडी प्रांत असला तरी पदार्थ स्विसच. आणि कोनराड एग्ली नावाच्या स्विस माणसाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या शॅले स्विस रेस्टॉरंटमध्ये १९५६ ला ते ठेवलं, तिथून ते अमेरिकेत पसरलं. चॉकलेट फॉन्ड्यूही त्याच रेस्टॉरंटचं, १९६४ चं.

आता मांसाचं. तिकडे बीफचं टेंडरलॉइन घेतात. आपल्याकडे २०१५ पासून बैल-वळूही बंद झालेत, गाय तर त्याआधीपासूनच, त्यामुळे इथे बीफ म्हणजे म्हशीचं, आमच्याकडे सरळ 'मोठ्याचं' म्हणतात. दुकानात टेंडरलॉइन म्हणू नका, अंडरकट म्हणा. जुन्या नाशकातले आमचे ओळखीचे चाचा आहेत त्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवलं, कारण एका जनावरात अंडरकटच्या दोनच पट्ट्या निघतात आणि त्या सकाळीच जातात. चाचा म्हणाले, बेटा साडेसातच्या आत ये, नाहीतर मी ठेवू शकणार नाही. मी सातला गेले.

अंडरकटच का, तर या भागाला जनावर चालताना फारसं काम नसतं म्हणून तो मुळातच मऊ असतो. आपण रश्श्याला मांडीचं, नळीचं घेतो कारण ते तासभर शिजतं आणि त्यातल्या शिरा-चिवट भाग विरघळून रस्सा दाट होतो. फॉन्ड्यूत तुकडा तेलात असतो जेमतेम मिनिटभर, तेवढ्यात काहीच विरघळत नाही, चिवट असेल तर चिवटच राहणार. म्हणून इथे पैसे वाचवू नका. घरी आल्यावर वरचा पांढरा चमकदार पापुद्रा सुरीचं टोक आत घालून पट्टीपट्टीने सोलून काढला, तो राहिला तर तळताना आक्रसतो आणि तुकडा वाकडा होतो. साफ करून एक किलो उरलं, सात जणांना सोबतीच्या पदार्थांबरोबर पुरलं. दोन सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, धाग्याला आडवे कापायचे.

आणि इथेच मम्मीचा जीव वरखाली व्हायला लागला. "आलं-लसूण नाही, हळद नाही, मीठसुद्धा नाही? नुसतं मांस तेलात टाकणार? वास येईल गं." मला तिचं म्हणणं कळत होतं, आपल्या हाताला सवयच तशी आहे, मांस घरात आलं की आधी हळद-मीठ चोळायचं. पण फॉन्ड्यूत हेच सोडावं लागतं, कारण मीठ लावलं की मांसाला पाणी सुटतं आणि ओला तुकडा १८० डिग्रीच्या तेलात गेला की तेल उसळतं, आणि वाटण लावलं तर ते तेलात सुटून करपतं, दहा मिनिटांत सगळं तेल काळं. सगळी चव नंतर सॉसमधून येते. मी हे तिला समजावलं, ती म्हणाली बरं, मग सॉस तरी नीट कर. ते मी अगदी मनावर घेतलं.

हे मी आधी एकदा अनुभवलेलंय म्हणून इतकं सांगतेय. गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर ट्रायल घेतली होती, घाण्याचं शेंगदाणा तेल अर्ध्याच्या वर भरलं, मांस धुवून तसंच ताटात, आणि पहिले तीन तुकडे टाकल्याबरोबर फेस वर वर येत भांड्याच्या काठावरून खाली आला. नशीब शेगडीवर ज्योत नव्हती, इंडक्शन होतं. शिवाय घाण्याचं तेल लवकर धुरावतं, सगळ्या घरात धूर. तेव्हापासून रिफाइंड शेंगदाणा तेल, भांड्याचा एक तृतीयांश भाग, त्याच्या वर नाही, आणि मांस फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून किचन टॉवेलने दाबून दाबून कोरडं करायचं, बोटाला ओल लागता कामा नये.

भांड्यासाठी मी भांडी बाजारात गेले होते. पितळेची एक उभट, गळ्याशी अरुंद पातेली फार आवडली, हातात घेऊन बसले, पण दुकानदार काकांनी आधी विचारलं, काय करणार आहात? तेल तापवणार आणि तासभर तापलेलंच ठेवणार म्हटल्यावर म्हणाले, ताई कल्हईचं भांडं यासाठी नको. बरोबरच आहे, कल्हई म्हणजे कथील, ते २३२ डिग्रीला वितळतं, तेल थोडं जास्त तापलं तर फार अंतर उरत नाही. त्यांनी मला जाड बुडाचं स्टीलचं दिलं, इंडक्शनवर चालणारं, आणि तेच योग्य ठरलं. चीज फॉन्ड्यूचं मातीचं भांडं कुणाकडे असेल तर ते यात वापरू नका, इतक्या गरम तेलाने तडकू शकतं. तेल आधी गॅसवर तापवून मग टेबलावरच्या इंडक्शनवर ठेवलं. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा तुकडा टाकून बघा, अर्ध्या-पाऊण मिनिटात सोनेरी झाला की तेल तयार. इंडक्शनची वायर टेबलाखालून भिंतीकडे नेऊन टेपने चिकटवली, कारण घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. भांड्यावर बसणारं झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलंच तर झाकण आणि स्विच बंद, पाणी कधीही नाही.

सॉस चार केले. एक लसूण मेयो, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. दुसरा ठेचा, हिरव्या मिरचीचा, बटरमध्ये कालवून, गरम तुकड्यावर ते बटर विरघळतं तेव्हा काय लागतं म्हणून सांगू. तिसरा बेअर्नेझ, हा यातला खानदानी सॉस. दोन चमचे व्हिनेगरमध्ये बारीक कांदा आणि मिरी आटवायची, गाळून त्यात दोन अंड्यांचे बलक, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी धरून फेटत राहायचं आणि शंभर ग्रॅम वितळलेलं बटर आधी थेंबथेंब मग धारेने. यात टॅरागॉन नावाचा पाला लागतो, त्याला बडीशेपेसारखा वास असतो, इथे मला मिळाला नाही म्हणून आटवतानाच चिमूटभर बडीशेप ठेचून टाकली. माझा सॉस मध्येच फाटला, बलक एकीकडे बटर एकीकडे, वाटी जास्त तापली होती. घाबरू नका, दुसऱ्या वाटीत एक नवीन बलक आणि चमचाभर कोमट पाणी घ्या आणि फाटलेला सॉस त्यात थोडा थोडा घालत फेटा, परत जुळून येतो.

पण चौथा सॉस माझा लाडका, आणि तो मला कुठल्या रेसिपीत मिळालेला नाही. तिकडे बीफबरोबर हॉर्सरॅडिश नावाचं मूळ किसून क्रीममध्ये घालतात, ते खाल्लं की झिणझिण्या थेट नाकात. ते खाताना मला राहून राहून वाटत होतं की हे मी ओळखते, आणि मग लक्षात आलं, ही तर आपली फेसलेली मोहरी! आजी काकडीच्या कोशिंबिरीत घालायची ती. नंतर वाचलं तर खरंच, दोन्हीच्या झणक्यामागे एकच रसायन आहे, आणि ते दाणा कुटून पाणी लागल्यावरच तयार होतं. म्हणून दोन चमचे काळी मोहरी मिक्सरमध्ये कोरडी बारीक केली, थंड पाणी घालून वाटीत खरंच फेस येईपर्यंत फेटली, दहा मिनिटं झाकून ठेवली. झाकण काढलं आणि डोळ्यांतून पाणी. मग त्यात वाटीभर चक्का, मीठ, किंचित साखर. पाणी गरम घेऊ नका, झणका येत नाही, नुसता कडवटपणा राहतो.

सोबतीला सालासकट उकडलेले छोटे बटाटे, लादीपाव भाजून, आणि तिकडे बारक्या काकड्यांचं लोणचं असतं त्याच्या जागी मी तोंडली केली. कोवळी तोंडली उभी चिरून व्हिनेगर-मीठ-साखरेच्या गरम पाण्यात दोन दिवस, तशीच कुरकुरीत राहतात. सटाण्याकडची अर्ली द्राक्षं आलेली होती, ती अर्धी कापून कांद्याबरोबर सॅलडमध्ये. मोठ्यांसाठी आपल्या नाशिकची रेड वाइन.

साडेआठला बसलो. सहा काटे, प्रत्येकाच्या टोकाला वेगळा रंग, भाच्याचा तुकडा दादा तळून देणार. एका वेळी तीन-चारच काटे आत, जास्त टाकले की तेल थंड होतं आणि मांस तळायच्या ऐवजी शिजायला लागतं. अर्ध्या मिनिटात आतून लाल, मिनिटाला गुलाबी, दीड-दोनला पूर्ण. आमच्याकडे सगळ्यांनी पूर्णच केलं. तळलेला तुकडा काट्यावरून थेट तोंडात घालायचा नाही, काटा तेलाइतकाच तापलेला असतो, तो ताटलीत उतरवून दुसऱ्या काट्याने खायचा, आणि कच्च्या मांसाची ताटली वेगळी. मम्मीने पहिला तुकडा उचलला, फेसलेल्या मोहरीत बुडवला, आणि काहीच बोलली नाही, फक्त दुसरा तुकडा टोचून तेलात सोडला. एरवी ती भाकऱ्या थापत ओट्यापाशी असते आणि आमचं होत आल्यावर बसते, त्या रात्री ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये बसून होती, दीड तास, आणि पप्पांचा हिरवा काटा कुठला नि वहिनीचा पिवळा कुठला यावर लक्ष तीच ठेवत होती.

ज्यांच्याकडे मोठ्याचं चालत नाही त्यांनी चिकन ब्रेस्ट घ्या, पण ते दोन-तीन मिनिटं, आतून पांढरं होईपर्यंत, अर्धकच्चं अजिबात नाही. कोलंबीही छान लागते. पनीर करायचं तर भांडं वेगळं मांडा.

तेल गाळून बाटलीत भरलंय, दोन दिवसांत फोडण्यांना संपेल. ३१ ला याचाच दुसरा प्रकार करणार आहे, फॉन्ड्यू शिन्वाझ, त्यात तेलाऐवजी उकळतं सूप आणि मांसाचे कागदासारखे पातळ काप, शेवटी ते सूप सगळ्यांनी वाटून प्यायचं. त्यासाठी नळ्या लागतील, चाचांना सांगून ठेवलंय, परवा सकाळी परत सातला जायचं.