सगळे जॉब ओके, तरी पीपॅप परत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात गिअरबॉक्सचे शाफ्ट बनतात. बेअरिंग बसतं तिथला व्यास 25 मिमी, फिट के6 (शाफ्टच्या मापाची ठरलेली प्रमाणित मर्यादा). म्हणजे माप 25.002 ते 25.015 च्या आत हवं, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, फक्त 13 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). माप वर गेलं तर बेअरिंग जास्त आवळून बसतं आणि तापतं. खाली गेलं तर त्याची आतली रिंग शाफ्टवर सरकू लागते.

नव्या शाफ्टसाठी कस्टमरने पीपॅप मागितलं, म्हणजे नियमित उत्पादनाआधी मंजुरीसाठी द्यायची मोजमापांची फाइल. सलग 300 जॉबचा, म्हणजे शाफ्टचा, लॉट काढला, त्यातले 125 मोजले, रिजेक्शन शून्य. तरी फाइल परत आली. सीपीके (मापांचा पसारा मर्यादेत किती आरामात बसतो ते सांगणारा आकडा, मोठा तितका चांगला) 0.91 होता, त्यांना 1.67 हवा होता. शॉपमध्ये सगळे विचारू लागले, ‘साहेब, एकही जॉब बाहेर नाही, मग अडलं कुठे?’

प्रश्न रास्तच होता. मोजलेले जॉब चांगले होते, पण मापं टॉलरन्सभर पसरलेली होती, काही अगदी काठाला. हाच पसारा चालू राहिला तर हजारात तीन-चार शाफ्ट बाहेर जाणार, हे गणितच सांगत होतं. शेवटी चाळणी लावून ते वेगळे काढता येतील, पण शाफ्ट घासताना आपण काय करतोय ते आपल्याला कळलंय, असं त्यातून सिद्ध होत नाही. कस्टमरला नेमकं तेच हवं होतं. मला तेव्हा पटलं, आजही पटतं.

मालकांचं म्हणणं, नवा ग्राइंडर घ्यावा लागेल. मी आधी मोजमाप तपासायचं ठरवलं. तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येक जॉब तीनदा. मायक्रोमीटरचा गेज आर अँड आर (दिसणाऱ्या फरकातला किती भाग जॉबचा नसून मोजण्याचाच आहे ते) 30 टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे ते मोजमाप या कामाला चालणारच नव्हतं. 10 च्या खाली असेल तरच बिनघोर.

खरी गाठ सोडवली ग्राइंडिंगवरच्या काकांनी. ते म्हणाले, ‘साहेब, जॉब मशीनवरून काढला की कोमट असतो. ट्रेत ठेवून चहा पिऊन आलो की माप उतरलेलं असतं.’ हिशोब केला. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन वाढतं. 25 मिमीचा शाफ्ट दहा अंशांनी गरम असला तर 3 मायक्रॉन जाडा दिसणार, 13 पैकी 3! तेवढ्यावरून ऑपरेटर मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) द्यायचा, पुढचा जॉब बारीक निघायचा, मग पुन्हा उलटा ऑफसेट. हात जितका जास्त लागत होता तितका पसारा वाढत होता.

मग एअर गेज (हवेच्या साहाय्याने माप दाखवणारं उपकरण) आणला. त्याचा सेटिंग मास्टर (गेज जुळवायचा ठरलेल्या मापाचा नमुना) पेटीत न ठेवता जॉबच्याच ट्रेत ठेवला, म्हणजे दोन्ही एकाच तापमानाला येतात आणि वाढ वजा होऊन जाते. मशीनवर कंट्रोल चार्ट लावला, म्हणजे मापं क्रमाने ठिपक्यांनी मांडायचा आलेख. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1924 मध्ये मांडलेली ही पद्धत अजून कागद-पेन्सिलवर चालते. ठिपके मर्यादेच्या आत आणि विखुरलेले असतील तर ऑफसेटला हात लावायचा नाही, हा नियम केला. पहिल्या दिवसांत काकांना तो फार जड गेला. चार्टवर माप हळूहळू चढताना दिसू लागलं, तेव्हा व्हील ड्रेसिंग (झिजलेलं घासायचं चाक पुन्हा धारदार करणं) लवकर करायचं ठरवलं.

पुढच्या लॉटला सिग्मा (पसाऱ्याचं माप) 2.2 वरून 1.2 मायक्रॉनवर आला, सीपीके 1.75. ग्राइंडर तोच, ऑपरेटर तेच. पीपॅप मंजूर झालं.

तुमचा पीपॅप सीपीकेवर अडकला असेल तर मशीनचं कोटेशन मागवण्याआधी गेज आर अँड आर करा, आणि मशीनवरच्या माणसाला जॉब काढल्यावर काय काय होतं ते विचारा. काकांनी सांगितलेली ट्रेत थंड करण्याची वेळ आता कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठे काय कसं तपासायचं त्याच्या कागदात) छापलेली आहे, आणि मालकांनी त्यांनाच दुसऱ्या शाफ्टच्या ट्रायलवर घेतलंय.