‘सिक्’: मूळ प्रतीत असेच

जुनी पत्रे किंवा दफ्तरातले कागद छापताना संपादक एखाद्या अशुद्ध शब्दापुढे चौकटी कंसात ‘सिक्’ लिहितो, तेव्हा तो वाचकाला सांगत असतो की ही चूक मूळ कागदातलीच आहे, ती माझी नाही आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचीही नाही. आपल्याकडे काही संपादक त्याऐवजी ‘मूळ प्रतीत असेच’ असे लिहितात, आणि तो अर्थ अगदी नेमका आहे.

‘सिक्’ हे लॅटिन भाषेतले क्रियाविशेषण असून त्याचा अर्थ ‘असे’, ‘या रीतीने’. मूळ उच्चार दीर्घ, म्हणजे ‘सीक्’. त्यातला शेवटचा ‘क्’ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो ‘के’ या दर्शक प्रत्ययाचा झिजून उरलेला अंश आहे. ‘हिक्’ म्हणजे हा, ‘नुंक्’ म्हणजे आता आणि ‘तुंक्’ म्हणजे तेव्हा, या शब्दांतही तोच आहे. समोरच्या वस्तूकडे बोट दाखवण्याची क्रिया अशी त्या एका व्यंजनात साठलेली आहे.

लॅटिनमध्ये ‘होय’साठी एकच ठरलेला शब्द नव्हता. ‘आलास का?’ याला आपण ‘आलो’ म्हणतो, तसे रोमन लोकही बहुधा क्रियापदच परत उच्चारत, किंवा ‘असेच आहे’ या अर्थाने ‘सीक्’ म्हणत. इटालियन आणि स्पॅनिशमधला ‘सी’ आणि गोव्यात साडेचारशे वर्षे राज्यकर्त्यांच्या तोंडी असलेला पोर्तुगीज ‘सीं’ हे होकार त्यातूनच आले. फ्रेंचांनी मात्र ‘सी’ नकारार्थी प्रश्न खोडून काढण्यापुरता राखला. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कवी दांतेने तर ‘होय’ कसे म्हणतात यावरूनच या भाषांचे गट पाडले होते.

अलीकडे प्रतिपक्षाच्या लेखनातली किरकोळ चूक चव्हाट्यावर मांडण्यासाठी ‘सिक्’ वापरलेला दिसतो. हा गैरवापर आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हे चिन्ह मूळ पाठाच्या रक्षणासाठी आहे. आपल्या पोथ्या उतरवून काढणारे लेखक शेवटी लिहीत, ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ म्हणजे जशी पोथी पाहिली तशीच मी लिहिली; ती शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. भावना तीच, पण ही ग्वाही सबंध पोथीसाठी एकदाच दिलेली असे, त्यामुळे नेमका कोणता शब्द लेखकाला खटकला होता हे वाचकाला कळत नसे; ‘सिक्’ ती जागाच दाखवतो.