तुम्ही विचारलंत म्हणून: हिवाळ्यात गाडी मधूनमधून चालू का करत नाही?

पहिला बर्फ पडायच्या सुमारास माझी गाडी गॅरेजात जाते, ती थेट वसंतात बाहेर येते. हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे एकच विचारतात: "पाच महिने नुसती उभी? अहो, आठवड्यातून दहा मिनिटं तरी चालू करत जा!" सांगणाऱ्याला गाडीची काळजी असते, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

गाडी आहे पहिल्या पिढीतली मॅझ्दा एमएक्स-5. हे मॉडेल 1989 साली आलं. दोनच सीट, हाताने दुमडायचं छप्पर आणि त्यात मागची खिडकी प्लॅस्टिकची, चेन लावून बसवलेली. पहिल्या हिवाळ्यात मी अगदी हाच सल्ला पाळला. दर रविवारी सेल मारायचा, दहा मिनिटं इंजिन फिरू द्यायचं, समाधानाने बंद करायचं. वसंतात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट, चिकट थर. बोटाने पुसून पाहिला आणि पोटात गोळाच आला. ते ऑइलमध्ये घुसळलं गेलेलं पाणी होतं.

पाणी येतं कुठून? पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नव्हे: एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंडीत उभ्या उभ्या दहा मिनिटं फिरवलेल्या इंजिनात मात्र त्याचं दव होतं. ते ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये साचतं आणि त्याला आतून गंज चढवतं. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नका, तो कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. शिवाय सेल मारताना बॅटरीतून गेलेलं एवढ्या वेळात धड भरूनही निघत नाही. म्हणजे आपण गाडीला जपतोय असं वाटतं, आणि दर आठवड्याला तिच्यात थोडं पाणी ओततो. तेव्हापासून ठरवलं, झोपवायची तर नीट झोपवायची आणि मध्ये उठवायचं नाही.

झोपवण्याआधी ऑइल बदलतो. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो. तो महिनोन् महिने बेअरिंगला चिकटून राहायला नको. मग टाकी जवळजवळ काठोकाठ भरून, पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून अर्धा तास गाडी चालवतो, म्हणजे ते इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतं. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत दमटपणा, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तो शोषून घेतं. कूलंटचं मिश्रण तपासतो. निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 35 अंशांपर्यंतही गोठत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी छपराला देतो. मऊ ब्रश, कोमट पाणी, सौम्य साबण, आणि मग पूर्ण वाळेपर्यंत कळ काढायची. वाळल्यावर ते बंद करून, खटके लावूनच ठेवायचं. दुमडून ठेवलं तर कापड आक्रसतं, घड्यांमध्ये बुरशी धरते आणि प्लॅस्टिकच्या खिडकीवर पडलेली वळी जन्मभर जात नाही. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत छपरावरचं पाणी वाहून जायची भोकं आहेत. पानगळीत ती तुंबतात आणि मग पाणी गाडीच्या आत वाट शोधतं. ती मी लवचिक नळीने हलक्या हाताने मोकळी करतो. असं दुमडतं छप्पर असलेल्या कोणालाही एकच काम सांगायचं झालं तर मी हेच सांगेन.

बाकीची कामं भराभर होतात. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा, म्हणजे एकाच जागी चपटे होत नाहीत. हँडब्रेक सोडलेला, कारण लावून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात; गाडी गिअरमध्ये आणि चाकांना लाकडी ठोकळे. बॅटरीला आपोआप थांबणारा, जपून चार्ज करणारा चार्जर. पूर्ण भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली गोठते आणि फुटते. वर कापडी, हवा खेळणारं आवरण. ताडपत्री नको, तिच्याखाली ओल कोंडते.

आणि उंदीर. त्यांच्यासाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा ओढणाऱ्या नळीत तारेच्या जाळीचे बोळे. स्टीअरिंगला दोऱ्याने एक कागद बांधतो, त्यावर मोठ्या अक्षरांत: "आधी बोळे काढ. दोन."

वसंतात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत मी थांबतो. मग आधी कागद, मग बोळे, मग एअर फिल्टरचा डबा उघडून कोणी घरटं केलं नाही ना ते पाहणं. गाडीखाली वाकून जमिनीवर डाग शोधतो. टायरची हवा दारावर लिहिलेल्या आकड्यावर आणतो. ब्रेकचं पेडल दाबून पाहतो. ते घट्ट लागलं तरच पुढे. सेल मारल्यावर नजर फक्त ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. दोन-तीन सेकंदांत तो वर चढतो आणि माझा अडकलेला श्वास सुटतो. रेस अजिबात करत नाही. पहिले काही ब्रेक खरखरतात, डिस्कवरचा पातळ गंज निघत असतो. चाकंही थोडी धडधडतात आणि टायर तापले की गुळगुळीत होतात.

छप्पर मात्र लगेच उघडत नाही. थंडीत ते प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, तडकतं. म्हणून गाडी तासभर उन्हात उभी करतो. मग खिडकीवर तळवा ठेवून पाहतो. ती कोमट लागली आणि किंचित दबली की चेन सावकाश उघडतो, खिडकी मऊ कापडावर सपाट निजवतो, दोन्ही खटके सोडतो आणि छप्पर दोन्ही हातांनी मागे नेतो.